वजन गेलं कुठं? बाटलीतला सोडा आणि पोत्यातलं सोयाबीन

सोयाबीन काढलं, तेव्हा घरच्या काट्यावर शंभर किलो भरलं. चांगलं ऊन देऊन पुन्हा मोजलं, तर त्र्याण्णव. "मंग सात किलो गेलं कुठी?" सुगीत चिखली-मेहकरकडं हा सवाल घरोघरी निघतो. संशय उंदरावर जातो, नाहीतर काट्यावर. खरं उत्तर शाळेच्या विज्ञानात आहे. द्रव्य अक्षय्यतेचा नियम म्हणतात त्याला: द्रव्य नवं तयार होत नाही, नाहीसंही होत नाही.

गुरुजींना हा नियम दाखवायला प्रयोगशाळा लागत नाही. लिटरभराची थंड पेयाची प्लास्टिकची रिकामी बाटली घ्या (काचेची नको). तीत चार लिंबांचा रस पिळा. खाण्याचा सोडा चार ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर, कागदाच्या पुडीत बांधून बाटलीच्या तोंडाशी अडकवा. बूच घट्ट लावून बाटली ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर ठेवा आणि आकडा फळ्यावर लिहा. आता बाटली उलटी करून हलवा. फसफस होईल, बाटली टणक होईल, पण काटा हलणार नाही. मग बूच हळूच सैल करा. सूंऽ करून वायू निघाला की वजन दीड-दोन ग्रॅमने उतरतं. तो कार्बन डायऑक्साइड. दिसत नाही, पण त्याला वजन आहे. सोड्याची जास्त मात्रा घालून बाटली फोडायचा उद्योग मात्र पोरांना करू देऊ नये.

सोडा आपल्याला परका नाही. लोणारच्या सरोवराचं पाणी सोड्यामुळंच खारं-आंबूस नव्हे, तर बुळबुळीत लागतं. झरे-ओढे क्षार आणतात, बाहेर जायला वाट नाही, पाणी उन्हानं उडतं आणि क्षार तिथंच राहतात. तिथंही हिशेब तोच.

हा हिशेब मांडणारा लाव्हाझिए फ्रान्सचा. त्याचा रसायनशास्त्रावरचा ग्रंथ 1789 साली आला. गडी नुसता बाटल्यांतला नव्हता. स्वतःच्या जमिनीवर शेतीचे प्रयोग करून त्याचीही तो नोंद ठेवी. सरकारी करवसुलीच्या ठेक्यात भागीदार होता, म्हणून 1794 मध्ये क्रांतिकारकांनी त्याचा शिरच्छेद केला.

आता पोत्याकडं या. शंभर किलो सोयाबीनमध्ये 18 टक्के ओलावा असेल, तर 18 किलो पाणी आणि 82 किलो कोरडा माल. वाळवताना पाणी हवेत जातं, 82 किलो जागचे हलत नाहीत. ओलावा 12 टक्क्यांवर आला, की हे 82 किलो एकूण मालाच्या 88 टक्के होतात. म्हणून 82 भागिले 0.88, म्हणजे 93 किलो 180 ग्रॅम. पुष्कळ जण 18 मधून 12 वजा करून 94 धरतात. ते चुकतं. घट सहा नव्हे, पावणेसात किलोच्या वर येते.

याचा उपयोग बाजारात होतो. ओल्या मालाला क्विंटलला 4000 रुपये मिळत असतील, तर वाळवलेल्याला निदान 4293 मिळायला हवेत, तेव्हा कुठं बरोबरी. वाळवायची मजुरी त्यावर वेगळी. फरक तेवढा नसेल, तर ऊन देण्यात फायदा नाही. पण हमीभावाच्या खरेदीत 12 टक्क्यांची अट असते (2024 च्या खरिपात केंद्रानं ती 15 पर्यंत सैल केली होती), तिथं वाळवल्याशिवाय गत्यंतर नाही.

आणखी एक. ओलाव्यापोटी दर कमी केला, तर वजनात कट्टी कशाची? दर बी कमी अन् वजन बी कमी, म्हणजे एकाच पाण्याचे पैसे दोनदा कापणं झालं. मोजणीच्या वेळी ओलावा मापकावरचा आकडा स्वतः पाहावा, पट्टीवर लिहून मागावा, आणि वरचा भागाकार दहावीतल्या पोराकडून तिथंच करून घ्यावा.