लोखंडाला प्लॅटिनमची जागा

चिरनेर म्हटलं की रायगडकरांना २५ सप्टेंबर १९३० आठवतो. जंगल सत्याग्रह आणि त्यावर झालेला गोळीबार. जंगलावरच्या हक्काच्या त्या लढ्यात चुलीत जाणारा लाकूडफाटाही होताच. आज त्याच उरण तालुक्यात इंधनाचा हिशेब वेगळ्याच मापानं होतो. बॉम्बे हायचा वायू समुद्राखालच्या नळांतून उरणला ओएनजीसीच्या प्रकल्पात येतो आणि तिथून त्यातला काही भाग अलिबागजवळ थळला, आरसीएफच्या खत कारखान्याला जातो. थळला त्यातून हायड्रोजन काढतात, हवेतल्या नायट्रोजनशी त्याचा संयोग घडवून अमोनिया करतात आणि अमोनियापासून युरिया. हायड्रोजन या किनाऱ्याला नवा नाही. फक्त तो स्वच्छ नाही, कारण वायूतून तो काढताना कार्बन डायऑक्साइडही तयार होतो. त्यातला बराचसा युरियात मुरतो हे खरं. पण युरिया शेतात विरघळला की तो पुन्हा हवेतच जातो.

वायूऐवजी पाण्यातून हायड्रोजन काढला तर हा प्रश्न मिटतो. पाणी फोडणं मात्र सोपं नाही. नुसत्या उष्णतेनं फोडायचं तर दोन हजार अंशांच्याही वर जावं लागतं. म्हणून वीज किंवा इतर रसायनांची मदत घेतात, आणि तिथे लागतो उत्प्रेरक: स्वतः न संपता क्रियेला लागणारा जोर कमी करणारा पदार्थ. कारखान्यातली माणसं त्याला सरळ ‘कॅटॅलिस्ट’ म्हणतात.

विजेनं पाणी फोडणाऱ्या यंत्रांचे, म्हणजे इलेक्ट्रोलायझरचे, दोन प्रकार जास्त चालतात. जुन्या अल्कली पद्धतीत निकेलवर भागतं. नव्या, आटोपशीर आणि सौरविजेच्या चढउतारांशी जुळवून घेणाऱ्या पीईएम यंत्रात आतलं वातावरण इतकं आम्लधर्मी असतं की बहुतेक धातू त्यात विरघळून जातात. तिथे एका बाजूला प्लॅटिनम आणि दुसऱ्या बाजूला इरिडियम लागतं. जगभरात इरिडियम निघतं वर्षाला जेमतेम सात-आठ टन, तेही बहुतांश दक्षिण आफ्रिकेत, प्लॅटिनमच्या खाणींतलं जोडउत्पादन म्हणून. मागणी वाढली म्हणून कुणी नुसती इरिडियमची खाण काढू शकत नाही. एवढ्या भांडवलावर जगाचं इंधन बदलायचं म्हणजे कठीणच.

हा पेच शंभर वर्षांपूर्वी एकदा सुटला आहे. १९०९ साली फ्रिट्झ हाबर यांनी अमोनिया तयार करून दाखवला तो ऑस्मियमच्या जोरावर. ऑस्मियम इतकं दुर्मीळ की बीएएसएफ या जर्मन कंपनीनं हाती लागेल तेवढा साठा विकत घेऊन ठेवला, आणि तरीही तो कारखान्याला पुरणार नव्हता. मग कंपनीतल्या आल्विन मिटाश यांनी चिकाटीनं चाचण्यांचा सपाटा लावला. १९१२ पर्यंत सुमारे अडीच हजार पदार्थ आणि साडेसहा हजार प्रयोग झाले. उत्तर निघालं स्वीडनच्या खाणीतल्या लोहखनिजात. शुद्ध लोखंड फारसं कामाचं नव्हतं. त्या खनिजातल्या भेसळीनं ते कामाचं केलं होतं. मग मिटाश यांनी तीच भेसळ मोजूनमापून घातली: थोडं अ‍ॅल्युमिना, थोडं पोटॅशियम. अमोनियाचे कारखाने आजही मुख्यतः त्याच घराण्यातल्या लोखंडावर चालतात. काळ्या खडीसारखे दिसणारे हे तुकडे नीट जपले तर दहा-दहा वर्षं टिकतात.

पाण्याच्या बाबतीत असंच उत्तर शोधण्याचा एक प्रयत्न चिरनेरपासून जवळच, पनवेलला चालला आहे. ओएनजीसी एनर्जी सेंटरनं विजेऐवजी उष्णतेची वाट धरली. गंधक-आयोडीन चक्र ही १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या जनरल अटॉमिक्सनं पुढे आणलेली कल्पना. पाणी, सल्फर डायऑक्साइड आणि आयोडीन एकत्र आणले की दोन आम्लं तयार होतात. त्यातलं आयोडीनवालं साडेचारशे अंशांच्या आसपास फुटतं आणि हायड्रोजन देतं. दुसरं, म्हणजे सल्फ्युरिक आम्ल, साडेआठशे अंशांच्या आसपास फुटतं आणि प्राणवायू देतं. गंधक आणि आयोडीन पुन्हा फिरून कामाला लागतात. खर्च होतं ते पाणी आणि उष्णता.

खरी कसोटी त्या सल्फ्युरिक आम्लाशी आहे. प्रयोगशाळेत क्वार्ट्झची एक नळी भट्टीत उभी करतात, तिच्या मध्यावर उत्प्रेरकाचे दाणे भरतात आणि वरून पंपानं आम्ल थेंबाथेंबानं सोडतात. खाली पोचेपर्यंत त्याची वाफ झालेली असते. बाहेर पडणारा प्राणवायू मोजला की किती आम्ल फुटलं ते कळतं. प्लॅटिनम इथेही सुरुवातीला छान चालतं. पण त्या तापमानाला त्याचे बारीक कण एकमेकांना चिकटून जाडे होतात, काही उडूनही जातात, आणि काम मंदावतं. म्हणजे महाग वस्तू घेऊन तीही टिकत नाही. लोहाचं ऑक्साइड स्वस्त, पण त्याची खोड वेगळी. तापमान जरा उतरलं की ते आम्लाशी जुळून लोहाचं सल्फेट होऊन बसतं आणि मग दाद देत नाही.

ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या रसायनशास्त्रज्ञांनी म्हणूनच लोह-क्रोमियमची मिश्र ऑक्साइडं आणि कोबाल्ट, निकेल, तांबं घातलेली फेराइटं तपासली. त्यांना यात रस असण्याचं कारण उघड आहे: एवढी उष्णता पुढेमागे अणुभट्टीतून मिळू शकते. आयआयटी दिल्लीत श्रीदेवी उपाध्यायुला यांच्या गटानं एनर्जी सेंटरच्या पाठबळावर याच टप्प्यासाठी कमी खर्चाचा उत्प्रेरक तयार केल्याचं २०२० मध्ये जाहीर केलं. माटुंग्याच्या आयसीटी या रसायन तंत्रज्ञान संस्थेबरोबर सेंटरनं आणखी एक वाट चोखाळली, तांबं-क्लोरीन चक्राची. त्यात साडेपाचशे अंशांवर भागतं, त्यामुळे भट्टीच्या धातूंचाही खर्च उतरतो.

विजेच्या वाटेवरची पवईची गोष्ट तर मजेशीर आहे. आयआयटी मुंबईत चंद्रमौली सुब्रमण्यम यांच्या गटानं कोबाल्ट ऑक्साइडचे अतिसूक्ष्म घन कार्बनवर बसवले आणि शेजारी साधं लोहचुंबक धरलं, फ्रिजच्या दाराला लावतात तसलं. पाणी फुटण्याचा वेग वाढला, वीज कमी लागली. २०२१ मध्ये हे काम प्रसिद्ध झालं.

अशा बातम्या वाचताना एक गोष्ट मात्र तपासावी: ते किती तास चाललं? ‘प्लॅटिनमच्या तोडीस तोड’ या मथळ्याखाली अनेकदा पन्नास-शंभर तासांची चाचणी असते. कारखान्याला हजारो तास लागतात. स्वस्त धातू दर सहा महिन्यांनी बदलावा लागला, तर यंत्र बंद ठेवण्याचा खर्च धातूच्या किमतीला गिळून टाकतो. धातूचा किलोमागे भाव पाहून उपयोग नाही. त्याच्या आयुष्यात त्यानं किती किलो हायड्रोजन दिला, हे पाहायला हवं. मिटाश यांचं लोखंड जिंकलं ते नुसतं स्वस्त म्हणून नव्हे, टिकलं म्हणून.

टिकाऊपणा तपासायला वेळ लागतो आणि पैसा लागतो. केंद्र सरकारनं जानेवारी २०२३ मध्ये मंजूर केलेल्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनचा एकूण खर्च १९,७४४ कोटी रुपये. त्यातले १७,४९० कोटी इलेक्ट्रोलायझर आणि हायड्रोजन उत्पादनाच्या प्रोत्साहनासाठी, १,४६६ कोटी पथदर्शी प्रकल्पांसाठी. संशोधनाच्या वाट्याला ४०० कोटी, म्हणजे शेकडा दोन. क्वार्ट्झची नळी, पंप आणि महिनोन्‌महिने पेटती भट्टी, हे सगळं त्या दोन टक्क्यांत बसवायचं आहे.