गुडघेदुखी आणि लटकी शस्त्रक्रिया

श्रोतेहो, पाटावरून उठताना आजीचा हात आधी गुडघ्यावर जातो. हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत गादी, म्हणजे कूर्चा, झिजत गेली की असे होते. मग कोणी सुचवते, दुर्बीण घालून गुडघा साफ करून घ्या.

या सफाईची परीक्षा अमेरिकेत ह्यूस्टन येथे झाली. 180 रुग्णांचे तीन गट केले. काहींची कूर्चा खरवडून साफ केली, काहींचा सांधा नुसता धुतला. आणि उरलेल्यांना, आता ऐका, कातडीवर छेद देऊन फक्त टाके घातले! फसवणूक म्हणाल, तर तसे नाही. लटकी शस्त्रक्रियाही वाट्याला येऊ शकेल, हे आधी सांगून संमती घेतली होती. दोन वर्षे पाहणी चालली. 2002 साली निष्कर्ष छापून आला: दुखणे तिन्ही गटांत सारखेच!

मग करायचे काय? मांडीचे स्नायू बळकट करायचे. खुर्चीवर बसा, एक पाय समोर ताठ करा, पाच अंक मोजा, हळूच खाली घ्या, मग दुसरा. आठ दिवसांत गुण आला नाही म्हणून सोडू नका. अंग जड असेल तर वजन उतरवा. एक किलो उतरले की दर पावलाला गुडघ्यावरचा भार चारेक किलोंनी हलका होतो. ‘दुखतंय ना, मग चालूच नका’ हा सल्ला मला सर्वांत वाईट वाटतो.

गुरुजी, पालकसभेला आज्याही येतात. तिथे हा खुर्चीचा व्यायाम एकदा करून दाखवा. गुडघा लाल, गरम होऊन सुजला किंवा अडकून बसला, तर मात्र थेट डॉक्टरांकडे न्या.