बदली आणि कायम : यष्टीमागच्या एका जागेची गोष्ट



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर साहित्य, अर्थकारण, अध्यात्म असे भारदस्त विषय येतात. त्यांच्या पंक्तीत आम्ही आज क्रिकेटमधल्या यष्टिरक्षकाचे पान मांडले आहे. विषय हलका वाटेल. पण एका जागेसाठी दोन माणसे उभी राहिली म्हणजे आपण त्यांची तुलना कशी करतो, हा प्रश्न हलका नाही. मैदानावर आपण तो गमतीने सोडवतो. घरी, कचेरीत आणि गिरणीत मात्र त्यावर कोणाची तरी भाकरी अवलंबून असते.

क्रिकेटच्या संघात फलंदाज सहा असतात, गोलंदाज चारपाच असतात. त्यांत एखादा नवा घ्यायचा झाला तर थोडेफार सरकून जागा करता येते. यष्टिरक्षकाचे तसे नाही. यष्टीमागे जागा एकच. नवा आत आला की जुना सबंध बाहेर. म्हणून या जागेवरचे वाद नेहमीच कडवे होतात. ‘नवा धावा काढतो, जुन्याला बसवा’ असे एक म्हणतो. ‘जुन्याचे हात बघा, नव्याचे हातमोजे बघा’ असे दुसरा म्हणतो. आणि चहा निवून जातो.

आमच्या लहानपणी लालबागेत हा वाद चांगलाच रंगे. इराण्याच्या हॉटेलातल्या रेडिओवर समालोचन इंग्रजीत चाले. ते सर्वांना कळे असे नाही, पण धावफलक सर्वांना कळे. वाद करणाऱ्यांत बहुतेक गिरणीकामगार. त्यांच्या तोंडी यष्टिरक्षकाच्या जागेबद्दल दोनच शब्द असत : ‘बदली’ आणि ‘कायम’. हे शब्द नव्या पिढीला समजावून सांगितले पाहिजेत, कारण आता लालबागेत भोंगाही वाजत नाही आणि पाळीही सुटत नाही.

गिरणीत कायम कामगार आजारी पडला, गावी गेला, किंवा त्याने नुसताच खाडा केला, तर त्याचा साचा बंद ठेवणे मालकाला परवडत नसे. म्हणून पाळी सुरू होण्याच्या वेळी दरवाजाशी बदली कामगार उभे असत. १९३५ पासून मुंबईच्या गिरण्यांत बदल्यांना कार्डे देऊन त्यांची नोंद ठेवण्याची पद्धत सुरू झाली. त्यापूर्वी सारा कारभार जॉबरच्या मर्जीवर असे, आणि त्यानंतरही ती मर्जी अगदीच संपली होती असे कोणी म्हणणार नाही. कोणाचा खाडा पडला तर बदलीला काम, नाही तर दिवस फुकट. वर्षानुवर्षे बदलीच राहिलेली माणसे आम्ही पाहिली आहेत. त्यांचे काम कायमवाल्यांपेक्षा उणे होते असे नाही. जागा मोकळी नव्हती, इतकेच.

आमच्या चाळीत एक वयस्क साचेवाले होते. सगळे त्यांना तात्या म्हणत. क्रिकेटचे त्यांना फारसे वेड नव्हते, पण वाद हातघाईवर आला की ते एकच वाक्य टाकीत : “साचा तोच, सूत तेच, मग कारागीर तोला.” त्यांचे म्हणणे असे की, एकाला चांगले सूत दिले आणि दुसऱ्याला पदोपदी तुटणारे दिले, तर संध्याकाळच्या कापडाच्या वारांवरून कारागिराची पारख होत नाही. तुलनेचे सगळे शास्त्र या एका वाक्यात आहे. आता ते यष्टीमागे लावून पाहू.

नरेन ताम्हाणे हे मुंबईचे यष्टिरक्षक. १९५४-५५ साली पाकिस्तानच्या दौऱ्यावर त्यांनी कसोटीत पदार्पण केले आणि त्या एका मालिकेतच १९ बळी टिपले. १२ झेल आणि ७ यष्टिचीत. सुभाष गुप्ते यांचा लेगब्रेक आणि गुगली ओळखून यष्टीला चिकटून उभे राहणे हे भल्याभल्यांना जमत नव्हते. ताम्हाणे यांना ते जमे, आणि तेही आरडाओरडा न करता. पण फलंदाजी बेताची. २१ कसोट्यांत सरासरी १० च्या आसपास.

१९५९-६० साली ऑस्ट्रेलियाचा संघ आला. दिल्लीच्या पहिल्या कसोटीत यष्टीमागे नाना जोशी उभे राहिले. कानपूरच्या दुसऱ्या कसोटीत ताम्हाणे होते. हीच ती कसोटी, जिच्यात जसू पटेल यांनी १४ बळी घेतले आणि भारताने ऑस्ट्रेलियाला प्रथमच हरवले. पुढची कसोटी मुंबईला, ब्रेबोर्न स्टेडियमवर. विजयी संघाचा यष्टिरक्षक, तोही घरच्या मैदानावर. जागा पक्की, असे कोणीही म्हटले असते. पण १ जानेवारी १९६० रोजी यष्टीमागे उभा राहिला बुधी कुंदरन, वय वर्षे वीस, रणजी करंडकाचा एकही सामना न खेळलेला!

कुंदरनचे घर लहान, माणसे फार. पदार्पणाच्या आदल्या रात्री तो बागेत झोपला आणि सकाळी उठून मैदानावर गेला, असे सांगतात. हेही सांगतात की, त्या सामन्यात त्याच्या हातांत जे हातमोजे होते ते ताम्हाणे यांचे होते. ज्याची जागा गेली त्यानेच जागा घेणाऱ्याला आपले अवजार दिले. लालबागेत ही गोष्ट कोणाला खोटी वाटली नाही. गिरणीत कायम कामगार खाडा करताना आपल्या बदलीला ‘या साच्याचा धोटा जरा अडतो, संभाळ’ असे सांगून जाई, त्यातलाच हा प्रकार.

पुढच्याच कसोटीत, मद्रासला, भारताचा डाव १४९ धावांत आटोपला आणि त्यांतल्या ७१ एकट्या कुंदरनच्या होत्या. झाले. हॉटेलातला वाद एका बाजूला झुकला. आम्ही शाळकरी पोरे होतो. आम्हीही ‘ताम्हाणे संपला’ असा निकाल जाहीर करून मोकळे झालो. आज त्या निकालाची लाज वाटते. निकाल चूक होता की बरोबर, हा प्रश्न वेगळा. आम्ही तो पुराव्याशिवाय दिला, ही खरी चूक.

चूक कशी होते ते पाहा. फलंदाजाची धाव वहीत लिहिली जाते. यष्टिरक्षकाने पकडलेला झेलही लिहिला जातो. पण त्याच्या हातून निसटलेला झेल वहीत कोठेही नसतो. समजा, एका यष्टिरक्षकाची सरासरी १० आणि दुसऱ्याची ३२. दोन डाव मिळून फरक साधारण ४४ धावांचा. आता पहिल्याने वीस धावांवर एका नामांकित फलंदाजाला यष्टिचीत केले आणि दुसऱ्याच्या हातून तीच संधी सुटली. तो फलंदाज आणखी पन्नास धावा करून गेला तर हिशोब फिटला, उलट थोडे देणे झाले. पण वहीत पाहाल तर दुसऱ्याच्या नावावर ४४ धावांची जमा दिसेल आणि पन्नासांचा खर्च कोणाच्याच नावावर दिसणार नाही. ज्या कामाची नोंद होत नाही ते काम करणारा तुलनेत नेहमी हरतो. घरातल्या बायकांना हे सांगायला नको.

दुसरी चूक एका पराक्रमावरून माणूस मोजण्याची. १९६४ च्या जानेवारीत इंग्लंडविरुद्ध मद्रासला कुंदरनने पहिल्या दिवसअखेर नाबाद १७० धावा केल्या आणि दुसऱ्या दिवशी तो १९२ वर बाद झाला. भारतीय यष्टिरक्षकाची कसोटीतली ती फार मोठी खेळी. त्याहून मोठी खेळी व्हायला २०१३ साल उजाडावे लागले. तीही मद्रासच्याच, म्हणजे आजच्या चेन्नईच्या मैदानावर महेंद्रसिंग धोनीची २२४. कुंदरनने दिल्लीला आणखी एक शतक केले आणि मालिकेत ५२५ धावा जमवल्या. पण त्याच्या कसोटीतल्या एकूण धावा ९८१. म्हणजे अठरा कसोट्यांपैकी पाचांत ५२५ आणि उरलेल्या तेरांत ४५६. मालिकेतले पाचही सामने अनिर्णित राहिले, यावरून खेळपट्ट्या कशा होत्या त्याचा अंदाज यावा. सूत चांगले होते! आता याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. उरलेल्या तेरा कसोट्यांत तो आत-बाहेर होत होता. रोज दरवाजाशी उभ्या राहणाऱ्या बदलीचा हात स्थिर राहील कसा?

त्याला आत-बाहेर करणारा प्रतिस्पर्धी होता फारुख इंजिनिअर, आपल्या दादरच्या पारशी कॉलनीतला. १९६१ साली कानपूरला त्याने पदार्पण केले आणि तेथून झोका सुरू झाला. वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर दोघेही गेले. १९६४ ची मालिका कुंदरनची. त्यानंतर काही महिन्यांतच ऑस्ट्रेलियाविरुद्ध तिसराच, इंद्रजितसिंहजी. १९६५ साली न्यूझीलंडविरुद्ध इंजिनिअर. १९६६ च्या डिसेंबरात वेस्ट इंडीजविरुद्ध मुंबईत पुन्हा कुंदरन, आणि त्याने दुसऱ्या डावात ७९ धावा केल्या. तरी तिसऱ्या कसोटीला मद्रासमध्ये इंजिनिअर आला, आणि हॉल, ग्रिफिथ, सोबर्स, गिब्ज यांच्या माऱ्यावर त्याने उपाहारापूर्वी ९४ धावा झोडपल्या. पुढे १०९ वर बाद झाला. तात्या त्या दिवशी म्हणाले, “सूत तुटके होते, तरी कापड निघाले.” आमच्या मते इंजिनिअर कायम झाला तो त्या सकाळी.

हीच कसोटी आकड्यांनाही लावावी. ताम्हाणे यांचे २१ कसोट्यांत १६ यष्टिचीत. इंजिनिअरचे ४६ कसोट्यांत तेवढेच १६. यावरून ताम्हाणे दुपटीने चांगले असे म्हणावे काय? तसे नाही. ताम्हाणे यांच्यापुढे गुप्ते होते; ते चेंडूला उंची देत आणि फलंदाजाला पुढे ओढीत, यष्टिचीत करायला ती उत्तम संधी. इंजिनिअरच्या वाट्याला चंद्रशेखर आला, त्याची गुगली मध्यमगती गोलंदाजाच्या वेगाने येई. तेथे यष्टिचीत कमी होणार आणि जवळच्या क्षेत्ररक्षकांकडे झेल जास्त जाणार. म्हणून दोघांना एका तराजूत घालण्यापूर्वी तराजूच्या दोन्ही पारड्यांखाली काय ठेवले आहे ते बघावे लागते.

हा पेच आपलाच आहे असे मात्र नाही. इंग्लंडात त्याच काळात जिम पार्क्स आणि जॉन मरे यांच्यावरून असाच वाद होता. पार्क्सची फलंदाजी सरस, मरेचे हात सरस. पार्क्सला ४६ कसोट्या मिळाल्या, मरेला २१. आणि गंमत अशी की, १९६६ साली ओव्हलवर नवव्या क्रमांकावर येऊन ११२ धावा काढल्या त्या मरेने! अगदी अलीकडचे पाहा. २०२० च्या डिसेंबरात ॲडलेडला वृद्धिमान साहा यष्टीमागे होता आणि भारताचा डाव ३६ धावांत कोसळला. पुढच्या कसोटीपासून ऋषभ पंत आला आणि जानेवारी २०२१ मध्ये ब्रिस्बेनला नाबाद ८९ धावा करून त्याने मालिका जिंकून दिली. ३६ धावांचा दोष एकट्या यष्टिरक्षकाचा कसा असेल? पण जागा त्याची गेली. पंतने पुढे ती कर्तृत्वाने राखली, हेही खरे.

तेव्हा नव्याची जुन्याशी तुलना करताना चार प्रश्न स्वतःला विचारावेत. दोघांना काम सारखे होते काय? एकाचा एकच दिवस आणि दुसऱ्याची दहा वर्षे, असे तर आपण मोजत नाही ना? वहीत न लिहिलेले काम आपण पाहिले काय? आणि चौथा प्रश्न जरा खासगी : नाव ‘आपल्यातले’ आहे म्हणून तर पारडे झुकले नाही ना? लालबागेला ताम्हाणे जवळचे वाटत, याला यष्टिचीतांखेरीज दुसरेही कारण होते, हे कबूल केले पाहिजे.

या प्रश्नांनंतरही निवड करावी लागते. निवड समितीला कोणाला तरी वगळावेच लागते. त्यात अन्याय असतोच असे नाही. पण ज्याला वगळले तो नालायक होता, असा अर्थ आपण प्रेक्षक काढतो. तेथे मात्र अन्याय होतो, आणि तो आपण करतो.

१९६७ च्या जुलैत इंग्लंडमध्ये एजबॅस्टनला बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर आणि वेंकटराघवन हे चारही फिरकी गोलंदाज एकत्र खेळले. हातमोजे इंजिनिअरच्या हातांत होते. नवा चेंडू टाकायला कोणी उरले नाही, म्हणून गोलंदाजी सुरू करायला कुंदरनला पुढे केले. फलंदाजीलाही तोच सलामीला गेला. यष्टीमागची जागा सोडून जे पडेल ते काम त्याने केले. ती त्याची शेवटची कसोटी. वय सत्तावीस. पुढे तो स्कॉटलंडला स्थायिक झाला आणि २००६ साली तेथेच वारला. आणि कायम झालेल्या इंजिनिअरलाही १९७१ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यातून वगळण्यात आले; तेथे हैदराबादचा कृष्णमूर्ती उभा राहिला. कायम हा शब्द गिरणीतही शेवटी खरा ठरला नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला आणि त्यानंतर बदली आणि कायम एकाच रांगेत उभे राहिले.

तात्या त्या रांगेत नव्हते. ते आधीच निवृत्त झाले होते. पण त्यांचे वाक्य आमच्याजवळ राहिले आहे. ते आम्ही आज आपल्या हवाली करतो. उद्या टी.व्ही.समोर बसून, किंवा कचेरीत नव्या मुलाची जुन्या माणसाशी तुलना करताना, तोंडातून ‘संपला’ हा शब्द निघण्यापूर्वी एक क्षण थांबावे, आणि साचा तोच होता काय, सूत तेच होते काय, एवढे विचारावे. मग खुशाल निकाल द्यावा.