आधी येथे कोण होते?

धाराशिव जिल्ह्याच्या वाशी तालुक्यातील तेरखेडा हे गाव फटाक्यांच्या कारखान्यांसाठी महाराष्ट्रभर प्रसिद्ध आहे. अमेरिकेच्या स्वातंत्र्य-घोषणेचा पहिला वर्धापनदिन १७७७ च्या ४ जुलैला फिलाडेल्फिया शहरात साजरा झाला, तोही दारूकामाच्या आतषबाजीनेच. १७७६ च्या त्या घोषणेला २०२६ साली अडीचशे वर्षे होतात. या निमित्ताने एक प्रश्न विचारावासा वाटतो. तेरखेड्याच्या शाळेतील मुलाला अमेरिकेचा आरंभीचा इतिहास शिकवावयाचा तो कशासाठी, आणि शिकवावयाचाच तर कसा?

ज्या मुलाला आपल्याच जिल्ह्यातील तेर, म्हणजे प्राचीन तगर नगर, धड ठाऊक नाही, त्याच्या डोक्यावर सातासमुद्रापलीकडच्या सनावळ्यांचे ओझे कशाला, असा आक्षेप कोणी घेईल. आक्षेप अगदीच गैरवाजवी नाही. परंतु त्या मुलाच्या शिदोरीतील ठेच्याची मिरची आणि चटणीतले शेंगदाणे ही दोन्ही पिके मुळात अमेरिका खंडातील आदिवासींनी लागवडीखाली आणलेली असून ती सोळाव्या शतकापासून पुढे आपल्याकडे आली, हे सांगितले की सातासमुद्रांचे अंतर तत्काळ कमी होते. शिवाय महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ लिहिला, तो निग्रो गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांनाच अर्पण केला होता. तेव्हा अमेरिकेचा इतिहास मराठी मनाला परका आहे असे म्हणता येणार नाही. आपण मात्र तो बोस्टन बंदरातला चहा, वॉशिंग्टन आणि लिंकन एवढ्यावरच आटोपतो. त्या देशात सामान्य माणसे कशी जगली, हे वर्गात सहसा येतच नाही.

वस्तुतः त्या आद्य वसाहतकऱ्यांचे जिणे समजून घेण्यास आपली खेड्यातील मुले शहरी मुलांपेक्षा अधिक लायक आहेत. पश्चिमेकडे निघालेल्या कुटुंबांच्या गाड्यांवर कापडाचे छत असे, आणि ओरेगॉनची सुमारे ३,२०० किलोमीटरची वाट तुडवताना त्या गाड्यांना बहुधा बैलच जुंपलेले असत. झाडे नसलेल्या गवताळ प्रदेशात लाकूड मिळेना, तेव्हा लोकांनी गवताच्या मुळ्यांनी घट्ट झालेली माती विटांसारखी कापून घरे रचली. माळवदाच्या घरात वाढलेल्या मुलाला याचे नवल वाटणार नाही. पावसाने दिलेला दगा आणि उभ्या पिकावर उतरलेली टोळधाड यांचे दुःख मराठवाड्यातील शेतकऱ्याच्या पोराला उलगडून सांगावे लागत नाही.

परंतु येथेच शिक्षकाने सावध राहावयास हवे. कुऱ्हाड, नांगर आणि हिंमत यांची ही कथा इतकी मोहक आहे की, ती ऐकताना एक प्रश्न सहज विसरला जातो. ही माणसे जेथे गेली, तेथे आधी कोण होते? १८६२ च्या कायद्याने पाच वर्षे जमिनीवर राहून ती कसणाऱ्या कुटुंबाला १६० एकर जमीन जवळजवळ फुकट मिळू लागली, हे खरे. पण सरकारने वाटलेली ही जमीन आली कोठून? १८३० च्या कायद्याने मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडील आदिवासींना पश्चिमेकडे हलविण्याचे धोरण पक्के झाले. १८३८-३९ मध्ये चेरोकी लोकांना सक्तीने हुसकावून लावण्यात आले, तेव्हा त्यांच्यापैकी सुमारे ४,००० माणसे मृत्युमुखी पडली, असे मानले जाते. ज्या वाटेने एकाचे भाग्य उजळले, त्याच वाटेने दुसऱ्याचे घर मोडले.

लॉरा इंगल्स वाइल्डर या लेखिकेची गोष्ट या दृष्टीने बोलकी आहे. तिचा जन्म १८६७ चा. आपल्या बालपणीच्या आठवणींवर आधारलेले पहिले पुस्तक तिने १९३२ साली, वयाच्या पासष्टीत प्रसिद्ध केले आणि पुढे या मालेतील पुस्तकांवर अमेरिकेतील मुलांच्या पिढ्या पोसल्या. तिच्या वडिलांनी कॅन्ससमध्ये घर बांधले, ती जमीन ओसेज आदिवासींची होती. १९३५ च्या पुस्तकात त्या मुलखात माणसे नव्हती, केवळ आदिवासी होते, अशा अर्थाचे वाक्य छापले गेले. ते खटकण्यास आणि बदलण्यास १९५३ साल उजाडावे लागले. लेखिका दुष्ट नव्हती. बाईने आपल्या घरावर आणि आईबापांवर जीव लावून लिहिले. पण शेजारी राहणारी माणसे माणसांत न मोजण्याची सवय त्या घरातही होती आणि ती पुस्तकात उतरली. म्हणून ती पुस्तके मुलांपासून लपवू नयेत. शिक्षकाने ती मुलांबरोबर वाचावीत, आणि हा प्रश्न विचारून वाचावीत.

मराठीत यासाठी साधने नाहीत असेही नाही. कॉनरॅड रिक्टर या अमेरिकन कादंबरीकाराने ओहायोच्या अरण्यात वसत गेलेल्या वस्तीवर तीन कादंबऱ्या लिहिल्या. जी. ए. कुलकर्णी यांच्यासारख्या श्रेष्ठ कथाकाराने त्या ‘रान’, ‘शिवार’ आणि ‘गाव’ या नावांनी मराठीत आणल्या. त्या नुसत्या नावांतच वसाहतीचा सारा प्रवास सामावलेला आहे. त्याच लेखकाची ‘रानातील प्रकाश’ ही छोटी कादंबरीही जी. एं.नी मराठीत आणली. लहानपणी आदिवासींनी पळवून नेलेला आणि त्यांच्यातच पुत्रवत वाढलेला एक गोरा मुलगा पुढे सक्तीने आईबापांकडे परत पाठविला जातो, आणि त्याला दोन्ही घरे परकी होतात. या मुलाच्या डोळ्यांनी पाहिले, म्हणजे ‘आपले’ आणि ‘रानटी’ हे शब्द किती घाईने उच्चारले जातात, हे चौदा-पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्यालाही उमगेल.

मात्र हा प्रश्न परदेशापुरता ठेवला, तर त्याचे मोल निम्मे होईल. दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्या भागातूनही बिऱ्हाडे गाड्यांत आणि ट्रॅक्टरमध्ये भरून साखर कारखान्यांकडे निघतात. कोणाचे मूल नातलगांकडे राहते, कोणाचे हंगामी वसतिगृहात, तर कोणाचे थेट फडावरच्या कोपीत. अमेरिकन वसाहतकरी मालकीच्या जमिनीच्या आशेने निघाला होता. आपला ऊसतोड कामगार मुकादमाची उचल फेडण्यासाठी निघतो आणि हंगाम सरला की पुष्कळदा पुन्हा उचल घेतो. हा फरक मुलांनीच शोधून काढावा. तसेच, इंग्रजी अमलातील १८७१ च्या कायद्याने कित्येक जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला, आणि तो कायदा १९५२ साली संपूर्ण रद्द झाल्यावरही पारधी वस्तीकडे पाहणारी गावाची नजर फारशी बदलली नाही. चेरोकींच्या हकिगतीने हळहळणाऱ्या वर्गात पारध्याचे मूल मागच्या बाकावर एकटे बसत असेल, तर तो धडा वाया गेला असेच म्हणावे लागेल.

अभ्यासक्रमाचा आणि परीक्षेचा जाच शिक्षकांना आहे, हे मान्य. परंतु यासाठी नवे पाठ्यपुस्तक किंवा सरकारी परिपत्रक लागत नाही. एक तास अमेरिकेच्या गाडीवाटांना द्यावा आणि दुसऱ्या दिवशी मुलांना घरच्या वडीलधाऱ्यांकडून तीन गोष्टी विचारून आणावयास सांगाव्यात. आपले घराणे येथे कोठून आले? १९७२ च्या दुष्काळात कोण कोठे गेले? आणि आपण आलो तेव्हा येथे कोण राहत होते? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळ घरांत मिळणार नाही. ते का मिळत नाही, याचा विचार मुले करू लागली, की इतिहासाचा अभ्यास खऱ्या अर्थाने सुरू झाला असे समजावे.