अमेरिकेंतील ‘मसल कार’ : अग्रमान कोणाचा?

एखाद्या यंत्राचा प्रभाव मोजावयाचा तर तें यंत्र किती बलवान होतें एवढें पाहून भागत नाहीं. त्याच्या येण्यामुळें इतरांस काय काय करणें भाग पडलें हें पाहावें लागतें. अमेरिकेंत १९६४ ते १९७४ या काळांत ज्या मोटारगाड्या ‘मसल कार’ म्हणून गाजल्या, त्यांपैकीं सर्वांत प्रभावी कोणती, हा वाद अर्धशतक उलटून गेलें तरी मिटलेला नाहीं. वाद घालणारे शब्द एकच उच्चारतात, पण प्रत्येकाच्या हातांतील माप निराळें असतें. कोणी वेग मोजतो, कोणी खप मोजतो, कोणी शर्यतींतील विजय मोजतो. आणि ज्याच्या तारुण्यांत जी गाडी शेजाऱ्याच्या दारांत उभी होती, तीच त्याला श्रेष्ठ वाटते, हेंही विसरून चालणार नाहीं.

‘मसल’ म्हणजे स्नायु. या जातीच्या गाडीची कृति सांगावयास अगदीं सोपी आहे. मध्यम आकाराची, दोन दारांची, साधी कौटुंबिक गाडी घ्यावयाची. तिच्यांतील बेताचें एंजिन काढून त्या जागीं त्याच कारखान्याच्या मोठ्या गाडीचें आठ सिलिंडरांचें एंजिन बसवावयाचें. आणि किंमत मात्र नुकत्याच कमावत्या झालेल्या तरुणास झेपेल इतकीच ठेवावयाची. अमेरिकेंत एंजिनाचा मोठेपणा घनइंचांत मोजण्याची रीत होती. सिलिंडरांची एकूण पोकळी जितकी मोठी, तितकें हवा व पेट्रोल यांचें मिश्रण दर फेरीस अधिक जळतें आणि चाकांना तितका अधिक जोर मिळतो. या कथेंत वारंवार येणारें ३८९ घनइंचांचें एंजिन सुमारें ६.४ लिटरचें होतें. त्याच काळीं कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यांतून बाहेर पडणाऱ्या फियाट ११०० या गाडीचें एंजिन सुमारें १.१ लिटरचें होतें. म्हणजे जवळजवळ सहा फियाटांचीं एंजिनें एकाच गाडींत कोंबल्यासारखें झालें! हिरवा दिवा लागतांच सरळ रस्त्यावर इतरांस मागें टाकून सुसाट सुटणें, हेंच अशा गाडीचें ध्येय. वळणें घेणें आणि थांबणें यांचा विचार मागाहून.

ही कृति १९६४ पूर्वीं कोणास सुचलीच नव्हती असें नव्हे. ओल्डस्मोबिल कंपनीनें १९४९ सालीं ‘रॉकेट’ नांवाचें नवें एंजिन हलक्या सांगाड्यांत बसवून ‘रॉकेट ८८’ ही गाडी काढली. या एंजिनाच्या झडपा सिलिंडरांच्या डोक्यावर होत्या, त्यामुळें त्याचा श्वास मोकळा होता. १३५ अश्वशक्ति त्या काळीं कांहीं थोडी नव्हती. क्रायस्लरनें १९५५ सालीं ३०० अश्वशक्तीची गाडी विकावयास ठेवली, पण ती श्रीमंतांची. १९५७ सालची ‘रँबलर रेबेल’ हलकी होती, जोमदार होती. पण तिच्या सुमारें १५०० च प्रती निघाल्या. ‘रॉकेट ८८’ चे चाहते तिला आद्य मसल कार म्हणतात, आणि कालक्रमानें त्यांचें म्हणणें खोटें नाहीं. परंतु मूळपुरुष असणें वेगळें आणि घराणें चालविणें वेगळें. ‘रॉकेट’ पासून इतर कारखान्यांनीं एंजिनाची रचना उचलली. तरुणांसाठीं स्वस्त व दांडगी गाडी ही कल्पना उचलली नाहीं.

ती कल्पना ज्या गाडीनें रुजविली तिची जन्मकथा मोठी मौजेची आहे. १९६३ च्या जानेवारींत जनरल मोटर्सच्या वरिष्ठांनीं आपल्या सर्व शाखांस शर्यतींत भाग घेण्याची मनाई केली. पाँटियाक ही त्यांतलीच एक शाखा, आणि शर्यतींतील यशावरच तिनें आपलें नांव कमाविलेलें. आतां गिऱ्हाईक ओढावें कशानें? शाखेचा मुख्य एंजिनियर जॉन डिलोरियन व त्याचा सहकारी बिल कॉलिन्स यांच्या ध्यानांत एक साधी गोष्ट आली. टेंपेस्ट या मध्यम गाडीचें ३२६ घनइंचांचें एंजिन आणि मोठ्या पाँटियाकचें ३८९ घनइंचांचें एंजिन यांचा बाह्य आकार सारखाच होता. एक काढून दुसरें ठेवावयास सांगाड्यांत फारशी मोडतोड करण्याची गरजच नव्हती.

अडचण होती ती नियमाची. मध्यम आकाराच्या गाडींत ३३० घनइंचांहून मोठें एंजिन घालूं नये, असा कंपनीचा दंडक होता. पण तो दंडक गाडीच्या मूळ नमुन्यास लागू होता. गिऱ्हाइकानें वेगळे पैसे मोजून मागून घ्यावयाच्या ऐच्छिक साहित्याविषयीं त्यांत कांहीं म्हटलें नव्हतें. तेव्हां १९६४ च्या ‘टेंपेस्ट ल मान्स’ वर सुमारें २९५ डॉलर अधिक भरले कीं मोठें एंजिन मिळावें, अशी युक्ति काढण्यांत आली आणि या ऐच्छिक गांठोड्यास ‘जीटीओ’ असें नांव देण्यांत आलें. कायद्याच्या कलमांतील फट शोधून पक्षकारास सोडविणाऱ्या वकिलाची आठवण व्हावी असा हा प्रकार! शाखेचा प्रमुख पीट एस्टिस यानें वरिष्ठांचा रोष पत्करण्याची तयारी दाखवून प्रथम ५००० गाड्यांपुरती संमति दिली. पहिल्याच वर्षीं ३२,४५० खपल्या. १९६६ सालीं हा आंकडा ९६,९४६ वर गेला.

नांव तर चक्क उसनें होतें. इटलीच्या फेरारी कंपनीची ‘जीटीओ’ ही शर्यतीसाठीं रीतसर मान्यता मिळालेली गाडी. नांवांतील तिसरें अक्षर त्या मान्यतेचेंच द्योतक. पाँटियाकला असली कोणतीही मान्यता नव्हती, म्हणून जाणकारांनीं नाकें मुरडलीं. जाहिरातीचें काम पाहणाऱ्या जिम वँगर्सला मात्र हा ओरडा पथ्यावरच पडला. १९६४ च्या मार्चमध्यें ‘कार अँड ड्रायव्हर’ या मासिकानें दोन्ही जीटीओंची तुलना प्रसिद्ध केली आणि पाँटियाक घरोघर पोंचली. परीक्षेस दिलेल्या गाडींत ३८९ ऐवजीं ४२१ घनइंचांचें एंजिन होतें, ही गोष्ट वँगर्सनें पुष्कळ वर्षांनीं स्वतःच सांगून टाकली. प्रभाव म्हणजे केवळ यंत्रशास्त्र नव्हे, त्यांत बोलघेवडेपणाचाही वांटा असतो, याचें याहून चांगलें उदाहरण मिळणें कठीण.

वेळही अचूक साधली. महायुद्ध संपल्यानंतर १९४६ पासून अमेरिकेंत जन्मलेल्या मुलांची मोठी लाट १९६४ सालीं अठराव्या वर्षांत पाऊल टाकीत होती. मग काय विचारतां? ओल्डस्मोबिलची ‘४-४-२’, ब्यूकची ‘ग्रान स्पोर्ट’, शेव्हरलेची ‘शव्हेल एसएस ३९६’, फोर्डची ‘फेअरलेन जीटी’, प्लिमथची ‘जीटीएक्स’ अशी एकामागून एक रांगच लागली. त्याहून बोलका पुरावा जनरल मोटर्सच्या कचेरींतला आहे. जो दंडक मोडला म्हणून पाँटियाकच्या मंडळींस शासन व्हावयाचें, तो दंडकच १९६५ च्या गाड्यांसाठीं ४०० घनइंचांपर्यंत सैल करण्यांत आला आणि १९७० सालीं पार निकालांत निघाला.

दुसरा पक्ष फोर्डच्या ‘मस्टँग’ चा, आणि त्याचें बळ कमी लेखतां येणार नाहीं. ली आयकोका याच्या पुढाकारानें तयार झालेली ही गाडी १७ एप्रिल १९६४ रोजीं न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनांत प्रकट झाली. तिचा सांगाडा ‘फाल्कन’ या साध्यासुध्या गाडीवरून घेतलेला. पण पुढें लांबलचक नाक, मागें आंखूड शेंपूट, असें रूप कीं पाहणारा थबकावा. किंमत २,३६८ डॉलर. पहिल्याच दिवशीं सुमारें २२ हजार मागण्या आल्या. एका वर्षांत चार लाखांहून अधिक गाड्या खपल्या. दोन वर्षें पुरीं होण्यापूर्वींच दहा लाखांवी गाडी कारखान्यांतून बाहेर पडली. मस्टँग म्हणजे अमेरिकेंतील मोकाट घोडा, म्हणून या जातीस तेथें ‘तट्टू-गाड्या’ म्हणूं लागले. भीमथडीच्या तट्टांचा पराक्रम ठाऊक असलेल्या महाराष्ट्रास या नांवांत हिणकस कांहीं वाटावयाचें कारण नाहीं. शेव्हरलेची ‘कॅमारो’, पाँटियाकची ‘फायरबर्ड’, डॉजची ‘चॅलेंजर’ हीं सारीं मस्टँगचींच प्रत्युत्तरें. समुद्रापलीकडेही तिचें वळण गेलें. युरोपांत १९६९ ची फोर्ड ‘काप्री’ आणि जपानांत १९७० ची टोयोटा ‘सेलिका’ यांच्या चेहऱ्यामोहऱ्यांत तिची छाया स्पष्ट दिसते.

मग अग्रमान मस्टँगला कां देऊं नये? मोटार-धंद्याच्या इतिहासांत तो तिलाच द्यावा लागेल. पण प्रश्न दांडग्या गाड्यांचा आहे. पहिली मस्टँग सहा सिलिंडरांच्या, जेमतेम १०१ अश्वशक्तीच्या एंजिनावरही मिळत असे आणि कित्येकांनीं ती तशीच घेतली. तिनें विकलें तें रूप, बळ नव्हे. १९६७ सालीं तिचें नाक रुंद करून त्यांत ३९० घनइंचांचें एंजिन बसविण्यांत आलें, आणि पुढल्याच वर्षीं ४२८ घनइंचांचें. म्हणजे मस्टँगच जीटीओच्या वाटेनें गेली. जीटीओ कांहीं मस्टँगच्या वाटेनें गेली नाहीं. कोणाचा कोणावर प्रभाव, याचा निर्णय येथें होतो.

तिसरा पक्ष क्रायस्लरच्या ‘हेमी’ चा. अर्धगोलाच्या आकाराची ज्वलनाची पोकळी आणि समोरासमोर झुकलेल्या मोठ्या झडपा, ही त्याची खुबी. ४२६ घनइंचांच्या हेमीनें १९६४ सालीं डेटोनाच्या शर्यतींत रिचर्ड पेटी यास विजयी केलें. सामान्य गिऱ्हाइकास तें एंजिन १९६६ पासून मिळूं लागलें. कागदोपत्रीं ४२५ अश्वशक्तीचें, प्रत्यक्षांत त्याहून अधिक, असें जाणकार मानतात. दबदबा मोठा, पण महाग असल्यानें घेणारे मोजकेच. क्रायस्लरचें खरें शहाणपण १९६८ च्या प्लिमथ ‘रोड रनर’ मध्यें दिसलें. तोंवर इतर दांडग्या गाड्या गालिचे, चकाकी आणि गाद्या यांनीं जड व महाग होत चालल्या होत्या. रोड रनरनें हा सारा डामडौल उतरविला. किंमत २,८९६ डॉलर. नांव व्यंगचित्रपटांतील पक्ष्याचें, आणि भोंगाही त्याच पक्ष्याच्या आवाजाचा! त्या नांवासाठीं वॉर्नर ब्रदर्सना ५० हजार डॉलर मोजले गेले. पहिल्या वर्षीं सुमारें ४५ हजार गाड्या खपल्या. पाँटियाकनें १९६९ सालीं ‘जज’ नांवाची गाडी काढून उत्तर देऊं केलें. योजली स्वस्त म्हणून आणि निघाली मूळ जीटीओहून महाग.

या सर्व कौतुकांत एक बाजू झांकून राहते. १९६४ च्या जीटीओच्या चारही चाकांना जुन्या पद्धतीचे ढोल-ब्रेक होते. पुढल्या चाकांस तबकडीचे ब्रेक मिळण्याची सोय १९६७ पर्यंत नव्हती, आणि तेव्हांही ते जादा पैसे भरून घ्यावे लागत. ढोल-ब्रेक वारंवार दाबले कीं तापतात, आणि तापले कीं त्यांची पकड सुटते. तीनशेंहून अधिक अश्वशक्ति एकोणीस वर्षांच्या मुलाच्या पायाखालीं देतांना थांबण्याचें साधन मात्र बापाच्या गाडीचेंच ठेवलें होतें. ही चूक प्रथम हिशेबांत धरली ती विमाकंपन्यांनीं. गाडीचें वजन व अश्वशक्ति यांचें प्रमाण पाहून त्यांनीं तरुणांच्या विम्याचे हप्ते असे चढविले कीं गाडी परवडावी आणि विमा परवडूं नये. कांहीं कारखाने अश्वशक्ति मुद्दाम कमी छापूं लागले, त्याचें हेंही एक कारण. १९७० सालीं हवा शुद्ध राखण्याचा कडक कायदा झाला. १९७१ पासून जनरल मोटर्सनें शिशाविरहित पेट्रोलसाठीं एंजिनांतील दाब उतरविला. १९७३ च्या ऑक्टोबरांत अरब राष्ट्रांनीं तेल रोखलें. पण या दोन शेवटच्या आघातांपूर्वींच गिऱ्हाईक पांगूं लागलें होतें. १९७१ च्या जीटीओ अवघ्या साडेदहा हजारांच्या आसपास निघाल्या.

१९७४ सालीं ‘व्हेंच्युरा’ या लहान गाडीस जीटीओचें नांव लावून एक शेवटचा प्रयत्न झाला आणि तें नांव बंद पडलें. तीस वर्षांनीं, २००४ सालीं, तें पुन्हां निघालें. पण गाडी बनली होती ऑस्ट्रेलियांत, होल्डन कंपनीच्या ‘मोनॅरो’ या गाडीच्या सांगाड्यावर. मोठें एंजिन, दोन दारें, जोर मागच्या चाकांना, ही डेट्रॉइटची जुनी कृति तेथल्या कारखान्यांत अजून चालू होती. दोन वर्षांनीं तीही गाडी थांबली, आणि २०१० सालीं खुद्द पाँटियाकचें दुकान कायमचें बंद झालें.