वॉर्डातली पहिली भीती
(नर्सिंग शिकणाऱ्या मुली आणि त्यांचे आईबाप यांच्यासाठी)



आपल्या गावांतून दरवर्षी काही मुली नर्सिंगला जातात. कोणी दोन वर्षांच्या ए.एन.एम.ला, कोणी तीन वर्षांच्या जी.एन.एम.ला, तर कोणी चार वर्षांच्या बी.एस्सी.ला. फीसाठी कर्ज काढावे लागते, कधी दावणीची दुभती म्हैस विकावी लागते. पहिले काही आठवडे वर्गात बरे जातात. मग वॉर्डात उभे राहायची पाळी येते आणि घरी फोन येतो, "बाबा, मला हे जमणार नाही. मी परत येते."

अशा वेळी आई म्हणते, "ये बाळ." बाप म्हणतो, "एवढा पैसा घातला त्याचे काय?" दोन्ही बोलांनी मुलीची भीती जात नाही. ती भीती कशाची आहे, हे आधी पाहावे.

गाय विताना वासराचे पाय धरून ओढणारी आपली मुलगी रक्ताला सहसा भीत नाही. तिला दोन भीती असतात. आपल्या हातून रोग्याला इजा होईल ही एक, आणि चारचौघांत बोलणी बसतील ही दुसरी. पहिली भीती चांगली. ती हात धुवायला लावते, औषधाची चिठ्ठी पुन्हा वाचायला लावते. दुसरी मात्र घातक, कारण ती लपवायला शिकवते.

एक उदाहरण घ्या. रक्तदाब मोजताना नवशिक्या कानाला आवाज नीट कळत नाही. वॉर्डची सिस्टर घाईत असते. पुन्हा विचारायची लाज वाटते, म्हणून मुलगी अंदाजाने १२०/८० लिहून टाकते. तो आकडा पाहून डॉक्टर औषध ठरवणार असतात. रोग्याचा दाब खरोखर घसरलेला असेल, तर त्या एका लाजेपायी त्याचा जीव धोक्यात येतो. "सिस्टर, मला ऐकू आले नाही, एकदा तुम्ही बघा," एवढे म्हटले तर बोलणी बसतील फार तर. नवा खोंड आपण एकटा औताला जुंपत नाही, जुन्या बैलाच्या जोडीला जुंपतो. शिकाऊ मुलीच्या शेजारी अनुभवी सिस्टर असते ती याचसाठी.

भीती आवरण्यासाठी मुलींनी पुढील गोष्टी कराव्यात :

१. उपाशीपोटी वॉर्डात जाऊ नये. फार वेळ ताठ उभे राहिल्यास आणि रक्त वा जखम पाहिल्यास रक्तदाब एकदम उतरतो, मेंदूला रक्त कमी पोचते व चक्कर येते. डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागताच हातातली वस्तू ट्रेमध्ये ठेवावी, शेजारणीला सांगावे व खाली बसावे. आडवे होता आले तर पाय उंच ठेवावेत. यात कमीपणा नाही.

२. आदल्या रात्री उद्याच्या कामाच्या पायऱ्या क्रमाने मोठ्याने म्हणाव्यात. इंजेक्शनचा सराव आधी पुतळ्यावर पुष्कळ करावा. हाताला वळण लागले की थरथर कमी होते.

३. औषध देताना पाच गोष्टी तपासाव्यात : रोगी तोच का, औषध तेच का, मात्रा, देण्याचा मार्ग आणि वेळ. नाव रोग्याच्या तोंडून वदवून घ्यावे. "तुम्ही अमुकच ना?" असे विचारले तर गुंगीतला माणूस कशालाही हो म्हणतो.

४. सुई हाती घेण्यापूर्वी सावकाश श्वास घ्यावा आणि त्याहून सावकाश सोडावा. असे चार-पाच वेळा केले की काळजाची धडधड उतरते.

५. आपल्या भागातल्या इस्पितळात कन्नड बोलणारे रोगी पुष्कळ. "निम्म हेसरेनु?", "एल्लि नोविदे?" अशी दहा वाक्ये पाठ करावीत. रोगी बोलू लागला की निम्मी भीती जाते.

६. चूक झालीच, तर त्याच मिनिटाला सांगावी. लवकर कळलेल्या चुकीवर बहुधा इलाज असतो.

मदर तेरेसा यांनी १९४८ साली कॉन्व्हेंट सोडले तेव्हा त्यांचे वय सुमारे ३८ होते. शिक्षिका म्हणून कित्येक वर्षे झालेली. तरी गरिबांच्या वस्तीत कामाला लागण्यापूर्वी त्या पाटण्याला मेडिकल मिशन सिस्टरांच्या होली फॅमिली इस्पितळात गेल्या आणि रोग्यांची सेवा कशी करावी हे शिकल्या. दया अंतःकरणात होतीच, पण हातांना शिकवावे लागले. शुभवर्तमानातला भला शोमरोनीही पाहा. त्याने जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला, त्या बांधल्या, जखमीला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेले. एकामागून एक, जमेल ते काम तो करीत गेला.

आता आईबापांना. फोन आला की आधी पूर्ण ऐकून घ्या. त्या क्षणी कर्जाची आठवण देऊ नका, आणि "सोडून ये" असेही म्हणू नका. "आज काय केलेस? कोणाला विचारलेस?" असे विचारा. रागावणे वेगळे आणि छळ वेगळा. छळ होत असेल तर स्वतः जाऊन प्राचार्यांना भेटा. झोप उडाली, अन्न जाईना आणि दोन आठवड्यांनीही उतार पडेना, तर डॉक्टरांना दाखवा. जीव नकोसा झाल्याचे ती बोलली तर त्याच दिवशी तिच्याकडे जा, तिला एकटी ठेवू नका. फी पुन्हा उभी करता येते.

गेथशेमनी बागेत प्रभू येशूही व्याकूळ झाला होता, हे मुलींनी ध्यानात ठेवावे. भिणे हे पाप नाही. त्या रात्री त्याने आपले भय पित्यापाशी उघड बोलून दाखवले आणि सोबत्यांना जागे राहायला सांगितले. तुम्हीही भय पोटात ठेवू नका. प्रार्थनेत देवाला सांगा आणि वॉर्डात सिस्टरला सांगा. येत्या रविवारच्या मिस्सात या मुलींची नावे घेऊन आपण प्रार्थना करू. ज्यांच्या घरची मुलगी शिकते आहे, त्यांनी शनिवारपर्यंत नाव कळवावे.