म्हाताऱ्या घोड्याची थंडीतली चंदी

थंडी पडली की निवृत्त घोड्याची चंदी वाढवावीशी वाटते. पण खरी ऊब देतं ते वाळलेलं गवत. मोठ्या आतड्यात ते आंबतं, तेव्हा उष्णता तयार होते. 400 किलोच्या घोड्याला दिवसाला 6 ते 8 किलो सुका चारा लागतो.

आधी गव्हाणीखाली पाहा. अर्धवट चावलेल्या गवताचे ओले बोळे पडलेले दिसले, तर दात झिजलेत असं समजा. अशा घोड्याला सुकी लसूणघास बारीक कापून, कोमट पाण्यात चांगली भिजवून द्यावी. बिचाऱ्याला भूक असते, पण चावता येत नाही! थंडीत घोडा पाणी कमी पितो, त्यातून पोटशूळ उठू शकतो. म्हणून पाणीही कोमटच. दाट केसांखाली खंगलेलं अंग लपतं, तेव्हा बरगड्या हाताने चाचपा. चारा बदलायचा तर आठ-दहा दिवसांत, हळूहळू. आणि दात वर्षातून एकदा तरी पशुवैद्यांना दाखवाच.